बोलकी जमीन

ऐकणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. माणसं तोंडानं काय वाटेल ते बोलतात. पण खुर्ची सरकवताना, दार लोटताना, कप खाली ठेवताना मनातलं बाहेर पडतं. मी काचेच्या अलीकडे बसते, कानाला हेडफोन लावून, आणि काचेपलीकडच्या खोलीत दोन माणसं सिनेमासाठी आवाज तयार करतात. पडद्यावर कुणी चाललं की मास्तर चालतात. पडद्यावर कुणी दार उघडलं, तलवार उपसली, भांडं आपटलं, की ते काम खटपट्यांचं.

खटपटे हे काही आडनाव नव्हे. सदा कसली ना कसली खटपट चाललेली असते म्हणून कुणीतरी ठेवलेलं नाव. ते इतकं चिकटलं की बाहेरची माणसं त्यांना 'श्रीयुत खटपटे' म्हणून हाक मारत आणि ते खुशाल ओ देत. मास्तरांची गोष्ट वेगळी. पायाच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पोलीस, चोर, दारुडा, दिवस गेलेली बाई, सगळ्यांची चाल त्यांच्या दोन पायांत होती. खटपटे लहानपणी झाडावरून पडलेले, त्यांचा एक पाय किंचित आखूड. त्यामुळे चालायचं काम त्यांना कधी मिळालं नाही, आणि त्यांनी ते कधी मागितलंही नाही. दोघांची जोडी मी इथं कामाला लागायच्या आधीपासूनची. एकाचा डबा दुसऱ्यानं उघडायचा, अशी.

त्या वर्षी आमच्याकडे एक जुना जपानी सिनेमा आला. काळा-पांढरा, सामुरायांचा. गोष्ट मूळची दुसऱ्याच कुठल्या देशातल्या रंगमंचावरची, शोकांतिका. या लोकांनी तिला चिलखत चढवलं आणि धुक्यात नेऊन उभी केली. एक शूर सरदार असतो. जंगलातली म्हातारी त्याला सांगते, तू गडाचा धनी होशील. घरी बायको म्हणते, मग वाट कसली बघता? तो झोपलेल्या धन्याला मारतो, गड बळकावतो, आणि तेव्हापासून त्याची झोप उडते. जिवलग मित्रसुद्धा त्याला घातकी वाटू लागतो. स्वतः चोरपावलांनी आला होता ना, म्हणून तो आपल्या दालनाबाहेर बोलकी जमीन करून घेतो: फळ्या अशा ठोकायच्या की मांजर चाललं तरी त्या चिवचिवल्या पाहिजेत. शेवटी तो एकटा बसलेला असताना बाहेर जमीन बोलायला लागते. एकाच माणसाची पावलं. दार उघडून बघतो तर कुणी नाही. मग त्याचेच शिपाई त्याला मारतात, पण खरा मरतो तो ती पावलं ऐकताना, असं माझं मत आहे.

हा सिनेमा आपल्या भाषेत आणायचा म्हणजे जपानी बोलणं काढायचं. आणि जुन्या प्रतीत बोलणं आणि बाकीचे आवाज एकाच पट्टीवर असतात; एक पुसलं की दुसरंही गेलं. घोडे, वारा, चिलखतं, पावलं, सगळं नव्यानं करणं आलं. खटपट्यांनी जुन्या पेट्या मोडून फळ्या जमवल्या, खिळे सैल ठोकले, मधे मेण भरलं, आणि आमच्या खोलीत बोलकी जमीन तयार केली. लांबी पुरावी म्हणून ती या भिंतीपासून थेट मालकांच्या दारापर्यंत गेली, कारण मालकांची खोली आमच्या खोलीतूनच आत होती. बुटांनी फळ्या बिघडतात, म्हणून नियम झाला: जमिनीवर जायचं तर सुतळीच्या चपला घालून. दोन जोड खुंटीवर टांगलेले असत. मालकांकडे जायचं असलं तरी चपला बदला, अशी तऱ्हा.

काम सुरू झालं त्याच आठवड्यात मालकांनी आम्हा तिघांना बोलावून सांगितलं की आता त्यांचे डोळे साथ देत नाहीत. हा सिनेमा संपला की स्टुडिओ ते दोघांपैकी एकाच्या हाती देणार. एकाच्याच, एका खुर्चीवर दोघं बसले की खुर्ची मोडते, असं म्हणाले. दुसऱ्याला ठेवायचं की नाही ते पहिल्यानं ठरवावं. दोघांनी माना डोलावल्या, बाहेर आले आणि एकमेकांना चहा ओतून देऊ लागले. त्या दिवशी दोघांनीही चहा जरा जास्तच जपून ओतला. मी काचेआडून बघत होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

सरदाराच्या बायकोच्या रेशमी झग्याची सळसळ करायला मास्तरांनी घरून वहिनींना आणलं. वहिनी शिवणकाम करतात. कुठलं कापड कसं वाजतं ते त्यांना विचारावं. पडद्यावर ती बाई नवऱ्याच्या कानाशी लागली होती आणि वहिनी मांडीवर रेशीम घेऊन ते सावकाश ओढत होत्या. काम थांबल्यावर म्हणाल्या, बाई शहाणी आहे हो, नवऱ्याला दिसत नाही ते तिला दिसतं. मी म्हटलं, वहिनी, शेवट बघितला नाहीत वाटतं तुम्ही. त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि मास्तरांकडे वळल्या.

"रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही," त्या म्हणाल्या. "मालकांशी जाऊन बोलणार आहात, की नुसते पाय आपटत बसणार आहात?"

मास्तर हसले आणि म्हणाले, आमच्यात तसं चालत नाही. पण ते हसणं घशातलं होतं, पोटातलं नव्हतं.

खटपट्यांचं मला त्या दिवसांत काही कळेना. एके काळी या माणसाच्या हातून सुई पडत नसे. अलीकडे मात्र ऐन रंगात आलेल्या कामात यांच्या हातून काहीतरी निसटायचं. मास्तर सरदाराची पावलं टाकताहेत, सगळं जुळून आलंय, आणि खाड्कन वाटी खाली. "माझ्याकडून पडलं, परत घेऊ," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मास्तर आधी हसायचे, मग चिडायचे, मग बोलेनासे झाले. मीही चिडत होते. माझ्या मनात आलं, हा माणूस मास्तरांचं काम मुद्दाम तर बिघडवत नाही ना? एकदा संशयाची पाल चुकचुकली की कानात दुसरं काही शिरत नाही.

आणि मग चुकचुकायला कारणंही मिळत गेली. खटपट्यांनी आपल्या कपाटाला कुलूप लावलं. त्या कपाटाला कधीच कुलूप नव्हतं; आत असून असून काय, तर फुटक्या बशा आणि घोड्याच्या टापांसाठी लाकडाचे गोळे. मास्तर खोलीत शिरले की त्यांची ठोकाठोकी थांबायची. माझ्याकडून त्यांनी नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचा, तुकडा मागून नेला. कशाला म्हटलं तर म्हणाले, असाच. एकदा तर मी त्यांना मास्तरांच्या कोटाच्या खिशातून हातमोजा काढून स्वतःच्या खिशात घालताना पाहिलं. एकच. दोन नेले असते तर चोरी म्हटली असती, पण एक हातमोजा नेणाऱ्या माणसाला काय म्हणायचं? दुसऱ्या दिवशी तो गुपचूप परत खिशात आला. जंगलातल्या म्हातारीचा सिनेमा रोज बघून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मला करणीसुद्धा सुचली.

माझं एक गुपित मात्र इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मास्तरांचा उजवा गुडघा वाजायचा. पाऊल उचललं की बारीकशी 'टिक' यायची, बोटाचं पेर मोडल्यासारखी. माझे हेडफोन नसते तर मलाही ऐकू आली नसती. ती सुरू झाल्याला बरेच दिवस झाले होते. पायाच्या मास्तराला सांगायचं कसं की तुमचा पाय बोलतो? म्हणून सगळे निघून गेले की मी ती टिक पट्टीवरून पुसून टाकत असे. मास्तरांना ऐकू जायची ती नेहमी माझ्या हातून स्वच्छ झालेली पावलं. हे फक्त मला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

एका दुपारी जेवणानंतर मी परत आले तर मास्तर माझ्या जागेवर बसले होते. हेडफोन त्यांच्या कानावर, यंत्रावरचं रीळ फिरून संपलेलं, आणि चेहरा असा की मी विचारायचं विसरले. त्यांनी रीळ काढलं, खिशात घातलं आणि उठले. रिळं मी फेकत नाही, पुसून परत वापरते. त्यामुळे कुठल्या रिळावर काय उरलंय याची मला गंधवार्ता नव्हती. उरलेला दिवसभर ते खटपट्यांच्या पायांकडे बघत होते.

दोन-तीन दिवसांनी त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत यंत्र चालूच राहिलं होतं आणि बोलक्या जमिनीवरून कुणीतरी मालकांच्या दारापर्यंत गेल्याचं त्याच्यावर आलं होतं. दारावर टकटक, दार उघडणं, लावणं, मग बराच वेळ आत कुजबुज, मालकांचं हसू, आणि परत येणारी पावलं. शब्द एक कळत नव्हता. रीळ यंत्रावरच होतं, म्हणजे आदल्या दिवशीचं. आदल्या दिवशी सुट्टीत मास्तर बाहेर गेले होते आणि खटपटे एकटे खोलीत होते.

"मित्र म्हणे," ते म्हणाले. "माझ्या पाठीमागे मालकांचे पाय धरायला गेला."

मी म्हटलं, कशावरून तेच? तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा कीवेनं पाहिलं की मला माझाच राग आला. पावलांवरून माणूस ओळखायला मी मास्तरांना शिकवणार होते की काय? शिवाय कुलूप, नमदा, हातमोजा, पडणाऱ्या वाट्या, सगळं माझ्याही डोक्यात होतंच. उलट हातमोज्याचं मीच त्यांना सांगितलं. आगीत तेल ओतायला मलाही कुणी बोलावलं नव्हतं.

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी मास्तर आले ते खिशात रीळ घेऊनच. खटपटे फळ्यांवर मेण चोळत बसले होते. मास्तरांनी रीळ माझ्या हातात दिलं आणि खोलीतला मोठा कर्णा चालू करायला सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

जमीन चिवचिवली. एक पाय जड, एक हलका. जड, हलका. सुतळीची चप्पल फळीवर घासत होती, घाई नव्हती, पण कुणी बघू नये असं वाटणाऱ्या माणसाची चाल होती ती. आणि प्रत्येक हलक्या पावलाआधी, अगदी बारीक, एक टिक.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ती टिक मी इतक्या वेळा पुसली होती की झोपेतही ओळखली असती.

"एक जड, एक हलका," मास्तर म्हणाले. "या खोलीत असं कोण चालतं?"

खटपटे उकिडवे बसले होते तसेच, मान कलती करून ऐकत होते. चार-सहा पावलं झाली आणि त्यांनी मान वर करून काचेतून माझ्याकडे पाहिलं. आमची नजरानजर झाली. तेवढ्यात मला कळलं की त्यांनाही ऐकू आलंय, आज नव्हे, कधीपासूनच. मास्तरांपासून दोन हातांच्या अंतरावर उभा राहणारा माणूस. गुडघा वाजला की वाटी पाडायचा आणि म्हणायचा, माझ्याकडून पडलं, परत घेऊ. त्यांनी मान किंचित हलवली. नको, अशी.

मग ते उठले. "हो," म्हणाले. "मीच."

"कशाला गेला होतास?"

"मालकांकडे माणूस कशाला जातो?"

"माझ्याबद्दल काय बोललास?"

"तुम्हाला जे वाटतं, ते."

मास्तरांनी त्यांना निघून जायला सांगितलं. ओरडून नाही, अगदी हळू, आणि म्हणून जास्त वाईट. खटपट्यांनी सुतळीच्या चपला काढून खुंटीला टांगल्या, आपले बूट घातले. दारातून जाताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि एवढंच म्हणाले, बाई, सवडीनं उघडा, मास्तर नसताना. मी बोलले असते तर गुडघ्याचं सांगावं लागलं असतं, आणि पाय गेलेल्या मास्तराला मालक स्टुडिओ कशाला देतील? तेच वाचवण्यासाठी तर त्या माणसानं आळ अंगावर घेतला होता.

पण मला राहवेना. मास्तर बाहेर तोंड धुवायला गेले तेव्हा मी चपला बदलून मालकांच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं की सुट्टीत तुमच्याकडे कोण आलं होतं. मालक म्हणाले, मास्तर. ज्या दिवशी वहिनी रेशीम घेऊन आल्या होत्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी. खटपटे? छे, तो कधी आला नाही, त्याला बोलावलं तरी तो दारातूनच बोलतो. मास्तर काय म्हणाले, हे विचारायचा मला अधिकार नव्हता, पण मालक आपणहून बोलले. मास्तर म्हणाले होते की खटपट्या आता पहिला राहिला नाही, हातातून वस्तू पडतात, कामं बिघडतात. मालकांनी विचार करावा. मालकांनी विचार केलाही होता, आणि तो मास्तरांच्या बाजूनं जवळजवळ पक्का होता.

मी बाहेर आले ती रागातच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय खोटं? आपण केलं ते दुसऱ्यानंही केलंच असणार, एवढ्या एका गोष्टीवर हा माणूस आपलेच पाय ऐकून मित्राला ओळखत होता. जुनं रीळ मी आळसानं न पुसता यंत्रावर चढवलं होतं, एवढाच काय तो घोटाळा. पण ओळखायला चुकले ते मास्तर, पावलांवरून माणूस ओळखणारे म्हणून साऱ्या धंद्यात ज्यांचं नाव होतं. आणि का चुकले? सगळ्या जगाची चाल त्यांनी ऐकली होती, स्वतःची कधीच नाही; दुखरा गुडघा सांभाळत आपणही आता एक जड, एक हलका असेच चालतो, याचा त्यांना पत्ता नव्हता. काम करताना ते दुसऱ्याच कुणाचे तरी पाय असत, आणि उरलंसुरलं त्यांचं जे होतं ते मी पुसून टाकलं होतं.

मास्तर परत आले, बाह्या सरसावून. शेवटचा प्रसंग आत्ताच करू म्हणाले, एकट्यानं. मी म्हटलं, मास्तर, पडद्याकडे बघू नका. इथं पडद्यावर माणूस दिसतच नाही, नुसती पावलं आहेत. सरदाराचं, शिपायाचं, कुणाचं सोंग घेऊ नका. मालकांच्या दारापर्यंत साधे जा आणि साधे या. एरवी जाता तसे.

त्यांनी खांदे उडवले आणि चपला चढवून चालले. दिवसभराचा राग, थकवा, सगळं त्या चालीत होतं. मी आवाज मुळीच कमी केला नाही, काही पुसलं नाही. मग त्यांना काचेअलीकडे बोलावलं, हेडफोन त्यांच्या हातात दिला आणि आधी जुनं रीळ लावलं, मग लगेच नवं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "तेच तेच काय लावतेस?" ते म्हणाले. "ऐकलंय मी हे."

"तेच नाही, मास्तर. दुसरं आत्ताचं आहे."

मी पुन्हा लावलं. पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ती टिक कसली? फळीची?"

"फळीची नाही. गुडघ्याची."

त्यांनी आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, पाय जरासा उचलला आणि खाली ठेवला. हेडफोन न लावताही, खोलीच्या शांततेत, या वेळी आम्हा दोघांना ती ऐकू आली. मग मी त्यांना बाकीचं सांगितलं: मी काय पुसत होते ते, खटपटे वाट्या का पाडत होते ते. मालकांकडे काय बोलून आलात ते मला ठाऊक आहे, हेही सांगितलं. वयानं मोठ्या माणसाला एवढं तोंडावर बोलायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांचा चेहरा पाहून मला भरून आलं, तरी राग गेला नाही. दोन्ही एकदम होतं.

किल्लीनं कपाट मीच उघडलं, मास्तर समोर असताना. खटपट्यांनी नको म्हटलं होतं, पण त्या दिवशी ऐकायचं माझं संपलं होतं. फुटक्या बशांच्या मागे एक बुटका बाक होता, ताजा रंधा मारलेला, वर नमद्याची गादी शिवलेली. आणि बाकावर चपलांचा एक जोड. सुतळीच्याच, पण अंगठ्याच्या जागी रुंद पट्टा, पाच बोटं शिरतील असा. पायात घालायच्या नव्हत्याच त्या. बाकावर बसून, हातात घालून, समोरच्या फळीवर चालवायच्या. मास्तरांनी उजवा हात एका चपलेत घातला. हातमोज्यासारखा बसला.

त्यांनी बाकावर बसून फळीवर हातानं एक पाऊल टाकलं. मग दुसरं. टिक नव्हती. सरदाराची चाल होती, हुबेहूब. मास्तरांनी चप्पल हातातून काढली नाही, तसाच हात तोंडावर धरला आणि रडले.

खटपट्यांचं घर जवळच होतं, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर. मास्तरांनी त्या चपला बरोबर घेतल्या आणि म्हणाले, तू चल. एकट्यानं जायची त्यांची छाती नव्हती आणि ती तशी नसल्याचं त्यांनी सरळ बोलून दाखवलं. जिना अरुंद, दगडी. मी पुढे, ते कठड्याला धरून मागे. एक जड, एक हलकं, आणि मधे टिक. वरच्या घरात भांडी विसळण्याचा आवाज येत होता. आम्ही मधल्या वळणावर आलो आणि तो थांबला. पाणी बंद झालं. मग कुणीतरी दाराशी आलं. मला वाटलं दार उघडेल.

आतून कडी लागली. फार सावकाश, लोखंड लोखंडाला लागू नये अशा बेतानं, बाहेरच्याला कळू नये म्हणून. दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. मास्तर दोन पायऱ्या खाली होते, ते जागीच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी नजर वळवली.

ते उरलेल्या पायऱ्या चढून आले. दार वाजवलं नाही. गुडघा दुखत असावा. उंबऱ्याशी खाली बसले, दाराला पाठ लावून, हातातल्या चपला मांडीवर ठेवून.

"मालकांकडे मी गेलो होतो," ते दाराशी बोलले. "तुझ्या हातून वस्तू पडतात, तुला काढा, असं सांगून आलो. मीच."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं, कुणीतरी किल्ल्या खुळखुळवत बाहेर गेलं. मास्तर तसेच बसून राहिले आणि उठा म्हणायचं माझ्या जिवावर आलं. कडी निघाली नव्हती. पण कडी लावून आत परत जाणारी पावलंही आम्हा दोघांपैकी कुणीच ऐकली नव्हती.